तिबेट : भूमी, चूल आणि चालीरीती

हिमालयाच्या उत्तर अंगाला पसरलेल्या तिबेटच्या पठाराला 'जगाचे छप्पर' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मात्र या छपरावर घर करून राहणाऱ्या माणसांचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. तिबेट म्हटले की बर्फ, लामा आणि गूढ विद्या एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. तेथेही सकाळी चूल पेटते, सून सासरी येते, भाऊ-भाऊ जमिनीची चिंता करतात आणि म्हातारी माणसे माळ ओढत नातवंडांवर नजर ठेवतात, हे आपल्या ध्यानी राहत नाही.

आमच्या वाचकांना या विषयाशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडेल. आम्ही सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो, तेव्हा तिबेटच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला होता. परंतु तिबेटी लोकजीवनाची पहिली तपशीलवार माहिती युरोपला ज्यांनी दिली, ते आपलेच धर्मगुरू होते आणि त्यांच्यापैकी काहींची वाट गोव्याहून निघालेली होती. शिवाय आज तिबेटी माणसे आपल्या महाराष्ट्रातही वस्ती करून आहेत. तेव्हा शेजाऱ्याची ओळख म्हणून तरी हा विषय समजून घेणे आपले कर्तव्य ठरते.

गोव्याहून तिबेटकडे

फादर अंतोनियो द आंद्राद हे पोर्तुगीज येशूसंघीय १६०० साली गोव्यात आले. हिमालयापलीकडे कोठेतरी ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे, अशी वार्ता त्या काळी मोगल दरबारात कानांवर येत असे. तिचा शोध घेण्यासाठी १६२४ साली, ब्रदर मान्युएल मार्किश यांच्यासह, ते बद्रीनाथला निघालेल्या हिंदू यात्रेकरूंच्या मेळ्यात सामील झाले. माना खिंडीतील बर्फ तुडवीत, हिमांधत्व सोशीत, त्यांनी पश्चिम तिबेटमधील गुगे राज्याची राजधानी त्सापरांग गाठली. तेथे ख्रिस्ती कोणी नव्हते, परंतु राजाने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. १२ एप्रिल १६२६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्सापरांग येथे चर्चची कोनशिला बसविण्यात आली. पुढे राजा आणि मठ यांच्यातील वितुष्ट विकोपाला गेले आणि १६३० साली लडाखच्या राजाने गुगे जिंकले. राज्याबरोबर मिशनचीही वाताहत झाली. फादर आंद्राद गोव्यात प्रांताधिकारी झाले होते, तेथेच १६३४ साली विषप्रयोगाने त्यांचा अंत झाला.

त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १८ मार्च १७१६ रोजी, फादर इप्पोलितो देसिदेरी ल्हासाला पोहोचले. इटलीतील पिस्तोया गावचे हे येशूसंघीय गोव्यामार्गेच भारतात आले होते. त्यांची कामाची रीत आम्हांला अतिशय मोलाची वाटते. ते आधी विद्यार्थी झाले आणि मग उपदेशक! तिबेटी भाषा शिकून त्यांनी त्या भाषेत ग्रंथ रचला आणि ६ जानेवारी १७१७ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, तो राजा ल्हाझांग खानाला अर्पण केला. राजाने त्यांना आधी आमच्या पंडितांचे ग्रंथ अभ्यासा, असे सुचविले. त्यानुसार ते सेरा या विख्यात विद्यामठात राहिले, भिक्षूंचे वादविवाद ऐकू लागले. त्याच काळात कापुचिन धर्मगुरूही ल्हासात कार्य करीत होते. तिबेट कापुचिनांकडे सोपविण्याचा रोमचा निर्णय झाल्यामुळे फादर देसिदेरींना १७२१ साली परतावे लागले. कापुचिन फादर ओरात्सियो देल्ला पेन्ना यांनी तिबेटी भाषेचा प्रचंड शब्दकोश तयार केला. १७४५ साली कापुचिनांनाही ल्हासा सोडावे लागले. त्यांच्या चर्चची घंटा मात्र ल्हासाच्या जोखांग मंदिरात जपून ठेवली गेली. तिच्यावर 'ते देउम' या स्तोत्राचे आरंभीचे शब्द कोरलेले आहेत.

देसिदेरींचा तिबेटविषयक ग्रंथ दीडशे वर्षे हस्तलिखित स्वरूपात अंधारात पडून होता. राज्यकारभार, शेती, अन्न, विवाह, अंत्यविधी अशा सर्व अंगांनी त्यात तिबेटी समाजाचे वर्णन आढळते. पुढील अभ्यासकांनी त्यात मोलाची भर घातली आहे. या सर्व माहितीच्या आधारे १९५० पूर्वीच्या तिबेटचे लोकजीवन आम्ही येथे मांडत आहोत.

सातू, लोणी आणि चहा

ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. त्यामुळे साध्या भांड्यात डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत. झाडी विरळ, म्हणून सरपण दुर्मीळ. याकाच्या शेणाच्या गोवऱ्या हेच मुख्य जळण. अशा भूमीत माणसाने काय खावे? या प्रश्नाला तिबेटी गृहिणीने दिलेले उत्तर म्हणजे त्साम्पा, अर्थात सातूचे पीठ. या उंचीवर व थंडीत जोमाने येणारे धान्य सातूच होय. सातू तापलेल्या वाळूत भाजायचा, चाळून वाळू वेगळी करायची आणि पाणचक्कीवर दळून आणायचा. हे पीठ पुन्हा शिजवावे लागत नाही. वाडग्यात थोडा चहा, लोण्याचा गोळा आणि पीठ घालून बोटांनी मळले की जेवण तयार. मेंढपाळाला, यात्रेकरूला आणि भिक्षूला चामड्याच्या पिशवीत आठवडाभराचे अन्न सोबत नेता येते. आपल्याकडेही सातूचे पीठ प्रवासाची शिदोरी म्हणून बांधून देत असत, हे जुन्या मंडळींना आठवेल.

चहा मात्र तिबेटात पिकत नसे. चीनच्या सिचुआन आणि युन्नान प्रांतांतून विटेच्या आकारात घट्ट दाबलेला चहा याक, खेचरे व हमाल यांच्या पाठीवरून येत असे. सुंग राजवटीच्या काळापासून चीनला घोडे हवे होते आणि तिबेटला चहा. त्या देवघेवीवर शेकडो वर्षे एक मोठा व्यापारी मार्ग जगला. हा चहा पुष्कळ वेळ उकळून, त्यात लोणी व मीठ घालून, उंच लाकडी नळकांड्यात दट्ट्याने घुसळतात. ओठ फाटविणाऱ्या कोरड्या थंडीत शरीराला उष्मांक, मीठ आणि पाणी तिन्ही एकदम देणारे हे पेय आहे. पाहुण्याचा पेला रिकामा राहू देणे हे यजमानाला कमीपणाचे. पाहुण्याने एकदोन घोट घेतले की लगेच पेला भरला जातो. निरोप घेतानाच तो शेवटपर्यंत प्यायचा, अशी रीत. प्रत्येकाचा लाकडी पेला स्वतःचा असे आणि तो 'चुबा' या सैल, लांब झग्याच्या कमरेवरच्या खोळीत सोबत असे.

शेतकरी आणि पशुपालक ही या समाजाची दोन चाके. शेतकरी खोऱ्यांत सपाट छपरांच्या मातीदगडी घरांत राहत. तळमजल्यावर गुरे व वरच्या मजल्यावर माणसे, म्हणजे गुरांची ऊबही वाया जात नसे. पशुपालक याकाच्या काळ्या केसांच्या राहुट्यांत राहत आणि कुरणांमागे ठरलेल्या वाटांनी फिरत. उत्तरेकडील खाऱ्या सरोवरांवरून मीठ आणायला केवळ पुरुषच जात आणि त्या मोहिमेत एक वेगळी सांकेतिक बोली बोलत. मग मीठ, लोकर, लोणी देऊन खोऱ्यातून सातू घ्यायचा. पश्चिम तिबेटात तर मेंढ्यांच्या पाठीवरही मिठाच्या लहान लहान पिशव्या लादीत.

बौद्ध असूनही तिबेटी मांस खातात, याचे आपल्याकडे अनेकांना नवल वाटते. भाजीपाला न पिकणाऱ्या भूमीत तो जगण्याचा भाग होता. तरीही हत्येचा सल त्यांच्या मनात राहिला. एका याकाच्या प्राणावर अनेकांचे पोट भरते, म्हणून लहान जिवांपेक्षा मोठे जनावर बरे, असा विचार ते करीत. पुष्कळजण याच कारणाने मासळी वर्ज्य मानीत. ताटात मासळी नसेल तर जेवण अपुरे मानणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना याची मौज वाटेल.

घर, विवाह आणि वारसा

तिबेटी समाजाच्या ज्या चालीने परदेशी पाहुणे सर्वाधिक चकित झाले, ती म्हणजे भावाभावांनी मिळून एकाच स्त्रीशी विवाह करणे. आपल्याला पांडवांची कथा ठाऊक असते, परंतु तेथे ती कथा नसून जमाबंदीची व्यवस्था होती. ज्या शेतकरी कुटुंबांकडे वंशपरंपरेने जमीन असे, त्यांच्यावर सारा व वेठ यांचा बोजा घराण्यागणिक असे. तीन भावांनी तीन संसार थाटले तर तुटपुंज्या जमिनीचे तीन तुकडे होत आणि सारा भरणे अशक्य होई. एका पिढीत एकच विवाह झाला, तर जमीन अखंड राही. एक भाऊ शेत पाही, दुसरा कळप राखी, तिसरा व्यापाराला जाई. ही चाल सर्वत्र नव्हती. भूमिहीनांत ती विरळ होती, आणि एकपत्नी-एकपती विवाहही रूढ होता. मुलगा नसेल तर घरजावई आणीत. त्याला 'माग्पा' म्हणत आणि तो बायकोच्या घराचे नाव लावी. या व्यवस्थेची किंमतही होती. अनेक स्त्रिया अविवाहित राहत, आणि धाकट्या भावाची इच्छा विचारणारे कोणी नसे.

ख्रिस्ती विवाहसंस्काराची शिकवण मानणाऱ्या आपल्याला ही प्रथा स्वीकारार्ह वाटणार नाही, हे उघड आहे. तथापि तिच्या मुळाशी स्वैराचार नव्हता, भुकेची व कर्जाची भीती होती. कारण जाणून घेतल्याशिवाय केलेला न्याय हा न्याय नव्हे, असे आमचे मत आहे.

तिबेटी स्त्रीला व्यवहारात बरेच स्वातंत्र्य होते. बाजारात ती सौदा करी, घरच्या किल्ल्या व पैसा तिच्या हाती असे. मध्य तिबेटात विवाहित स्त्रीची ओळख म्हणजे 'पांगदेन' हा रंगीत पट्ट्यांचा लोकरी पदर, जो पुढे कमरेला बांधतात. पिरोजा, पोवळे व तृणमणी यांचे दागिने ही तिची ठेव. मठांतील उच्च विद्येची दारे मात्र तिला बंद होती.

बहुतेक सामान्य कुटुंबांना आडनाव नसे. बाळाचे नाव लामांकडून मागून घेत किंवा जन्मवारावरून ठेवीत. रविवारचा न्यिमा, सोमवारचा दावा, शुक्रवारचा पासांग. एका गावात दोन पासांग असले तर घराच्या नावाने ओळख पटे. घरातील एखादा मुलगा लहानपणीच मठात देण्याची रीत होती. त्यात श्रद्धा होती, विद्येची आशा होती आणि एक तोंड कमी होण्याचा हिशेबही होता. ल्हासाजवळील गांदेन, द्रेपुंग व सेरा हे तीन महामठ अनुक्रमे १४०९, १४१६ व १४१९ साली स्थापन झाले. त्यांत हजारो भिक्षू राहत.

वेठीची सावली

जुन्या तिबेटचे चित्र काही लेखक स्वर्गासारखे रंगवितात, तर काही केवळ नरकासारखे. दोन्ही चित्रे कोणत्या ना कोणत्या राजकारणाच्या सोयीची आहेत. खरी गोष्ट अशी की जमिनीची मालकी सरकार, मठ आणि उमराव घराणी यांच्या हाती एकवटली होती. बहुसंख्य शेतकरी त्या त्या जहागिरीला जन्माने बांधलेले होते. 'उला' नावाची वेठ सर्वांना धाक घाली. सरकारी परवाना घेऊन अधिकारी आला की त्याला जनावरे, ओझेकरी आणि मुक्काम विनामोबदला पुरवावे लागत. ऐन कापणीतही घोडे मागितले जात. लोहार, खाटीक आणि प्रेतांची विल्हेवाट लावणारे यांना हलके लेखीत. त्यांच्या पेल्यातून इतर कोणी पीत नसे. हे वाचताना आपल्याच गावांतील जुन्या विटाळाची आठवण होऊन मान खाली जाते. करुणेचा धर्म सांगणाऱ्या समाजातही करुणा पंगतीपर्यंत पोहोचतेच असे नाही. हा धडा केवळ बौद्धांसाठी नाही.

सण आणि अखेरचा प्रवास

तिबेटी नववर्ष, लोसार, हे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्याच्या आधी, सरत्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात एकोणतिसाव्या तिथीला, घर झाडून-पुसून रात्री 'गुथुक' हे नऊ जिन्नसांचे सूप करतात. त्यातील काही मोठ्या गोळ्यांत निरनिराळ्या वस्तू दडविलेल्या असतात. ज्याला कोळसा निघेल तो काळ्या मनाचा, मिरची निघेल तो वाचाळ, लोकर निघेल तो मऊ स्वभावाचा! घरभर हशा पिकतो आणि त्या हशात वर्षभराचे रुसवे वाहून जातात. कणकेची बाहुली करून, घरातील अनिष्ट तिच्यावर सोपवून, ती चौरस्त्यावर टाकतात. नववर्षाच्या पहाटे नवे पाणी भरतात. पाहुण्यापुढे त्साम्पा व धान्य भरलेली लाकडी पेटी धरतात. त्यातील चिमूट हवेत उडवून तो 'ताशी देलेक' म्हणजे मंगल असो, असे म्हणतो. 'खाप्से' हे तळलेले पदार्थ ताटांत रचलेले असतात. आपल्या नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांचीच ती चुलत भावंडे.

रोजच्या जीवनात प्रार्थना वेगळी काढलेली नसे. देव्हाऱ्यापुढे सकाळी सात वाट्या पाणी ठेवायचे, कारण पाणी गरीबालाही अर्पण करता येते. लोण्याचा दिवा लावायचा, चालताना १०८ मण्यांची जपमाळ ओढायची. काही भाविक कित्येक महिने लोटांगणे घालीत ल्हासाला येत. खिंड ओलांडताना दगडांच्या राशीवर एक दगड ठेवायचा आणि पताका बांधायची. वारा तिच्यावरील प्रार्थना दूर नेतो, अशी श्रद्धा.

मृत्यूनंतर आत्मा पुढील जन्मापूर्वी ४९ दिवसांपर्यंत संधिकाळात असतो, असे ते मानतात. या दिवसांत भिक्षूंना बोलावून पाठ करवितात. देह मात्र डोंगरावर नेऊन गिधाडांना अर्पण करीत. या विधीच्या नावाचा अर्थच 'पक्ष्यांना भिक्षा' असा होतो. जमीन वर्षाचे कित्येक महिने गोठलेली आणि चितेला लाकूड नाही, हे एक कारण. जाता जाता देहानेही कोणाची तरी भूक भागवावी, ही भावना हे दुसरे. मुंबईच्या पारशी बांधवांचे दखमे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही कल्पना अगदी परकी वाटू नये. थोर लामांना मात्र अग्निसंस्कार मिळे, तर लहान मुलांना व अतिगरिबांना कित्येकदा नदीत सोडीत.

भूमी सुटल्यावर

१९५० साली चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले. १९५१ साली तिबेटवर सतरा कलमी करार लादला गेला आणि १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री चौदावे दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि ३१ मार्चला भारतात पोहोचले. हजारो तिबेटी त्यांच्या मागोमाग हिमालय ओलांडून आले. तिकडे १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेत उरलेसुरले मठही उद्ध्वस्त झाले.

भारतात कर्नाटकातील बायलाकुप्पे व मुंडगोड येथे त्यांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्रात १९७२ साली तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे नॉरग्येलिंग ही वसाहत स्थापन झाली. बर्फातून आलेली माणसे विदर्भाच्या उन्हात भातशेती करू लागली. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो, त्यांची घरे अशाच वसाहतींत असतात.

येथे आमच्या विवेचनाचा खरा प्रश्न उभा राहतो. ज्या चालीरीती भूमीने घडविल्या, त्या भूमी सुटल्यावर कशा टिकाव्यात? उत्तर मोठे बोलके आहे. निर्वासित वसाहतींत वंशपरंपरेची जमीन नाही, म्हणून भावांचा सामाईक विवाह जवळजवळ नाहीसा झाला. सरपण मिळते, म्हणून मृताला अग्नी देतात. याक नाही, म्हणून चहात गाईम्हशींचे लोणी पडते. वेठ आणि जहागिरी तर मागेच राहिल्या. परंतु लोसारची पेटी, देव्हाऱ्यातील सात वाट्या, आजीची माळ, पाहुण्याच्या गळ्यात घालायचा पांढरा 'खाता' आणि वडीलधाऱ्यांशी बोलण्याची आदरार्थी भाषा ही सारी आली आणि राहिली. काही गोष्टी तर सुधारल्या. डिसेंबर २०१६ मध्ये मुंडगोड येथे वीस भिक्षुणींना बौद्ध तत्त्वज्ञानाची सर्वोच्च पदवी प्रथमच देण्यात आली. स्त्रीला बंद असलेले दार परभूमीत उघडले. २०११ साली दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेतृत्वाकडे सोपविले.

तिबेटच्या पूर्व कडेला, मेकाँग नदीच्या खोऱ्यातील येरकालो या मिठागरांच्या गावी, एक छोटा कॅथलिक समाजही आहे. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८६५ साली तेथे मिशन स्थापन केले. शेवटच्या मिशनऱ्यांपैकी फादर मोरिस तोर्ने यांची १९४९ साली हत्या झाली आणि १९९३ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. तेथील तिबेटी कॅथलिक आजही द्राक्षवेली जोपासतात, तिबेटी भाषेत प्रार्थना करतात आणि त्साम्पा खातात. ख्रिस्ती होण्यासाठी त्यांना तिबेटीपण सोडावे लागले नाही.

रूढींत जे भीतीने, टंचाईने किंवा सत्तेने आणलेले असते, ते परिस्थिती बदलताच गळून पडते. त्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. जे श्रद्धेने आणि मायेने आलेले असते, ते मात्र ओच्यात बांधून कितीही दूर नेता येते, जर घरातील कोणी ते मुलांच्या हाती देत राहिले तर. तिबेटी मातांनी हे काम तंबूत राहून, रस्त्यांवर खडी फोडता फोडता केले. आपली जमीन, वाडी आणि बोली झपाट्याने बदलत असताना, आपल्या घरांतील सायंप्रार्थना, ज्येष्ठांचा मान, सणाचे एकत्र जेवण आणि दाराशी आलेल्याचे आगतस्वागत यांचे काय होणार, याचा निर्णय कोणत्याही सरकारच्या हाती नाही. तो आपल्याच चुलीपाशी व्हायचा आहे.